आचाऱ्याचा आचार्य होऊ नये म्हणून

गेल्या दोन महिन्यांत सात-आठ जणांनी फोन करून एकच विचारलं, "पुस्तक काढायचं म्हणजे नेमकं काय काय करावं लागतंय ओ?" त्यातले चौघे आमच्या खानापूर-बेळगावचेच. फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहतं, म्हणून एकदाच तारखांसकट आणि पैशांसकट लिहून ठेवते.

मी खानापुरात राहते आणि बेळगावात एका को-ऑपरेटिव्ह सोसायटीत पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायच्या खात्यांचा हिशेब बघते. कादंबरीचं नाव 'दोन गाभाऱ्यांचं नगर'. अद्भुतरम्य आहे, म्हणजे आजकाल फँटसी म्हणतात ती. हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, दोन्ही देव एकमेकांकडे बघतात. लहानपणी मामांबरोबर गेले होते तेव्हा मधल्या जागेत उभी राहिले आणि कुणाकडे पाठ करायची तेच कळेना. त्यातून दोन सिंहासनांच्या नगराची गोष्ट आली. भीमगडच्या जंगलात बारापेडेच्या गुहेत एका दुर्मीळ जातीची वटवाघळं राहतात, जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारी. ती माझ्या नगरात निरोप पोचवतात. एवढंच सांगते, नाहीतर जाहिरात होईल.

जून २०१९ ला लिहायला घेतलं. वेळ पहाटे साडेचार ते सहा. सहाला नळाला पाणी यायचं, की वही बंद. सासूबाई विचारायच्या, "एवढ्या पहाटे काय लिवूलीस ग?" मी सांगायचे, सोसायटीचं ऑडिट. वर्षभर ऑडिट संपेना म्हटल्यावर त्यांना सोसायटीचीच काळजी वाटायला लागली. त्यांची ठेव आमच्याकडेच होती, त्यामुळं शेवटी खरं सांगावं लागलं. "मग ठेव ऱ्हाऊ दे म्हणजे," म्हणाल्या आणि त्या दिवसापासून पहाटेचा चहा त्या करायला लागल्या.

दिवसभरात सुचेल ते पिग्मीच्या मशिनच्या वाया गेलेल्या पावत्यांवर लिहायची सवय होती. माणसांची नावं, गावांची नावं, शिव्या (नगरातल्या लोकांना शिव्याही लागतातच). पावत्या कुंद्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचे आणि डबा गॅसच्या वरच्या फळीवर ठेवायचे. एका उन्हाळ्यात डबा उघडला तर सगळ्या पावत्या काळ्या. तो कागद उष्णतेनं काळा पडतो हे रोज हाताळून मला माहीत होतं, पण डबा ठेवताना आठवलं नाही. चाळीसेक नावं गेली. काही परत आठवली, काही नाही. एका नदीचं नाव फार सुंदर होतं एवढंच आता आठवतं. तेव्हापासून दोनशे पानी वही.

जानेवारी २०२३ मध्ये पहिला खर्डा संपला, १ लाख १२ हजार शब्द. नंतरचे नऊ महिने कापाकापीत गेले, ८४ हजारांवर आणलं. मोबाइलवर युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी उमटतं ती पद्धत) टाइप केलं, अर्धं तर खानापूर-बेळगाव बसमध्ये. जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळं बायकांना साध्या बसला तिकीट पडत नाही, पण त्यामुळं गर्दीही अशी, की बसायला मिळालं तरच टायपिंग. उभं राहून एका हातानं युद्धाचा प्रसंग लिहिलाय मी, तो नंतर पूर्ण बदलावा लागला. वाक्यं सगळी तीन-तीन शब्दांची आली होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्या-मुंबईच्या तीन प्रकाशकांना पाठवलं. त्याच आठवड्यात आमच्याच सोसायटीत स्वतःच्या नावाची पिग्मी सुरू केली, रोज १०० रुपये. प्रकाशक मिळाला तर त्या पैशात राजस्थान बघून येऊ, असा बेत होता.

पहिलं उत्तर एप्रिल २०२४ ला आलं, "लेखन आवडलं, पण या प्रकाराला मराठीत वाचक कमी." दुसरं ऑगस्टमध्ये. छापू, पण लेखिकेनं ७० हजार भरायचे, प्रती ३००, त्यातल्या ५० मला. त्यांना मी दोन प्रश्न विचारले: उरलेल्या २५० प्रतींचा हिशेब कधी देणार आणि हक्क कुणाकडं राहणार? उत्तर आलं नाही. पैसे भरून पुस्तक काढण्यात वाईट काही नाही, पण हे दोन प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. तिसऱ्यांकडून तेरा महिन्यांनी मेल आली, २०२७ पर्यंतच्या योजना भरल्यात म्हणून. निदान उत्तर तरी दिलं, मला बरं वाटलं.

तेरा महिने वाट बघणं कसं असतं ते सांगायला हवं. मेल रोज बघायचे, पण घरी नाही, बसमध्ये देसूर गेलं की मगच. का ते माहीत नाही. नकार आला तर बेळगाव येईपर्यंत तोंड सरळ करायला वेळ मिळावा म्हणून असेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरवलं, स्वतःच काढायचं. त्याच आठवड्यात मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी आली. सोसायटीत पेढे वाटले आणि मॅनेजर साहेब म्हणाले, "आता तुमचं पुस्तक खपतंय बघा."

आधी कॉपीराइट. खरं तर लिहिलं की हक्क आपोआप तुमचाच असतो, लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. नोंदणी सक्तीची नाही. पण मी हिशेबातली बाई, कागद हातात असला की झोप लागते. सरकारी पोर्टलवर अर्ज केला, साहित्यकृतीला फी ५०० रुपये. पैसे भरले की डायरी नंबर मिळतो, मग कुणाची हरकत असेल तर म्हणून ३० दिवस थांबतात, त्यानंतर तपासणी. माझं प्रमाणपत्र मे २०२५ मध्ये आलं, म्हणजे सात महिन्यांनी. तोवर डायरी नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढं प्रत्येक चौकशीला तोच लागतो. आणि छपाईसाठी प्रमाणपत्राची वाट बघत बसू नका, त्याची गरज नसते.

मग डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम. कोल्हापुरात एक दादा मराठी पुस्तकांचंच काम करतात असं कळलं. दर पानाला ३० रुपये. २४ फेब्रुवारी २०२५ ची वेळ ठरली, सोमवार, रजाही टाकली. आणि त्याच दिवसांत बेळगावजवळ भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली, त्या प्रकरणावरून कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडच्या बसेस बंद झाल्या. एरवी माझा हिशेब पक्का असतो: निपाणीपर्यंत आपली कर्नाटकची बस फुकट, पुढं महाराष्ट्राची एसटी, तिथं हद्द ओलांडली की बायकांना अर्धं तिकीट. त्या दिवशी सगळं बंद. बेळगावहून रेल्वेनं घटप्रभा, रायबाग, कुडची करत मिरजेला गेले आणि तिथून दुसऱ्या गाडीनं कोल्हापूर. पोचायला दुपारचे अडीच. दादा जेवायला गेले होते. कट्ट्यावर बसून राहिले, पिशवीत पेन ड्राइव्ह आणि त्यांच्यासाठी नेलेला कुंदा.

आता खरा मुद्दा. ज्यांना घाई आहे त्यांनी बाकी सगळं सोडून एवढं तरी वाचा.

आपण टाइप करतो युनिकोडमध्ये. बरेच डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टमध्ये पान लावतात, कारण छापखान्यात त्यांची सवय तीच आहे. मधे एक सॉफ्टवेअर मजकूर बदलून घेतं. त्या बदलात माझा अर्धा र गेला, 'ऱ्या'मधला, तो डोक्यावर न चढता शेजारी उभा राहतो तो. सगळीकडं त्याचा रफार झाला. पहिलं प्रूफ आलं मार्चच्या शेवटी. पान १७ वर राजवाड्याचा आचारी आहे, आणि 'आचाऱ्यानं मसाला वाटला'च्या जागी 'आचार्यानं मसाला वाटला'. मी हसले. पान २२, 'आचार्याच्या कानाखाली सेनापतीनं एक ठेवून दिली.' तेव्हा हसू थांबलं. पुढं बघते तर नगराच्या उत्तरेच्या सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला होता. वाटाड्या पोराला सांगतो, "या दर्यात उतरू नकोस, वर येता येणार नाही." पायऱ्या, दुसऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, सगळं गेलं. आणि पहिल्याच पानावर पुस्तकाचं नाव, 'दोन गाभार्यांचं नगर'.

मूळ फाइलमध्ये शोधलं तर 'ऱ्य' ६४० वेळा होतं. दादा म्हणाले, "ताई, सगळे र्य एकदम बदलून टाकू काय?" मी हो म्हणणार होते, तेवढ्यात सूर्य आठवला. कार्य, धैर्य, ऐश्वर्य. आणि माझ्या गोष्टीत खरोखरचे एक आचार्यही आहेत, राजगुरू. सरसकट बदललं असतं तर राजगुरू स्वयंपाकघरात गेले असते. शेवटी मी मूळ मजकुरातून 'ऱ्य' असलेल्या शब्दांची यादी केली, वेगवेगळे शब्द ८३ निघाले. त्या यादीवरून दादा एकेक शब्द शोधून बदलत गेले. आचारी आणि आचार्य मात्र पान उघडून बघावे लागले. एप्रिल-मे त्यातच गेला. मुद्रितशोधन करणाऱ्या बाई वेगळ्या होत्या, पानाला १५ रुपये, त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. पण 'दर्या' हा शब्द शुद्धच आहे, तो त्यांना चूक कसा वाटणार? ती चूक लेखकालाच दिसते.

तेव्हा युनिकोड चालणारा डीटीपीवाला मिळत असेल तर तोच बघा. नसेल तर पूर्ण पुस्तक देण्याआधी 'ऱ्य', 'ऱ्ह', 'ॲ', 'ङ' असलेलं एक पान नमुना म्हणून द्या. आणि प्रूफ मोबाइलवर बघू नका, कागदावर काढा. मी तिसरं प्रूफ सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या मधेच म्हणाल्या, "ह्यो म्हातारा मगाशी मेला न्हवं?" मेला होता. दोन प्रकरणांची अदलाबदल करताना राहून गेलं होतं.

ऑगस्ट २०२५, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. हा नंबर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, ऑनलाइन, आणि फुकट देते. नंबर काढून देतो म्हणून दोन-दोन हजार घेणारे फिरतात, त्यांच्या नादाला लागू नका. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही अर्ज करता येतो. तेरा अंकी नंबर, ९७८ नं सुरू होणारा, त्यापुढं आपल्या देशाचे ८१ नाहीतर ९३. छापील पुस्तकाला एक आणि ई-बुक काढलं तर त्याला वेगळा.

माझा अर्ज एकदा परत आला. पुस्तकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यात आधारवर इंग्रजी स्पेलिंग एक, पॅनवर दुसरं. मग १०० चा ई-स्टॅम्प, नोटरी, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, सगळं मिळून ३५० रुपये आणि अर्धा दिवस. नोटरी वकिलांच्या क्लार्कनं विचारलं, "मेडम, पुस्तक यातलं कुठल्या नावाच्या बाईनं लिहिलंय?" मी सांगितलं, पहाटेच्या. परत पाठवल्यावर तीन आठवड्यांनी नंबर आला. लग्न झालेल्या बायकांनो, कुठल्या नावानं लिहायचं ते पहिल्या दिवशी ठरवा आणि कागद त्याप्रमाणं जुळवून घ्या.

छपाई पण कोल्हापुरातच केली. डेमी आकार, २८८ पानं म्हणजे १६ पानी १८ फॉर्म (एका फॉर्ममध्ये सोळा पानं एकत्र छापतात). मूळची २८१ पानं होत होती, छापखान्यातले काका म्हणाले, फॉर्म पुरा करा, कोरी पानं सोडलीत तरी पैसे तेच. म्हणून शेवटी नगराचा नकाशा आणि शब्दार्थ घातले. कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) नॅचरल शेड, कव्हर ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन. ५०० प्रती, प्रत ११४ ला पडली. कव्हरचं चित्र शहापूरच्या एका पोरीनं काढलं, ६ हजार. तिच्याकडून चित्राच्या वापराचं साधं लेखी संमतीपत्र घेतलं, तेही विसरू नका. दिवाळीत छापखाना आठ दिवस बंद, मग वहिन्यांच्या, कॅलेंडरांच्या कामात आमचा नंबर मागं. नोव्हेंबरच्या १४ तारखेला टेम्पो आला. पहिला गठ्ठा फोडला तेव्हा मी कव्हर बघितलं नाही, आधी पान १७ उघडलं. आचारी आचारीच होता. मग बसले.

(वर 'वहिन्यांच्या' म्हटलंय ते वह्यांच्या. प्रूफ बघायची सवय लागली तरी हे असं होतं. राहू दे.)

प्रकाशन समारंभाची तारीख आमच्याकडं काढणं हे लग्नाच्या तारखेपेक्षा अवघड. १ नोव्हेंबर नको, त्या दिवशी एकीकडं कर्नाटकचा राज्योत्सव आणि एकीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, गावात कुणी मोकळं नसतं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन, तेव्हा बंदोबस्त आणि रस्ते बंद. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, हॉल मिळत नाही. शेवटी २३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेदहा, टिळकवाडीतला एक छोटा हॉल. हॉलवाल्यांनी सांगितलं, बॅनर बाहेर लावणार असाल तर वर कन्नड मोठं घ्या. दुकानांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड हा नियम आहेच, त्यांनी बॅनरलाही तोच धरला. वाद घालण्यापेक्षा मी बॅनरवाल्या पोराला सांगितलं, पुस्तकाचं नाव कन्नड अक्षरांत लिही. आमच्या सोसायटीतल्या कन्नड मैत्रिणीनं ते आल्याआल्या मोठ्यानं वाचलं, गाभाऱ्यातल्या अर्ध्या र सकट, अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी आली, त्यात 'गाभार्यांचं' आणि 'बालकादंबरी' असं दोन्ही. फँटसी म्हटलं की लहान मुलांचंच, ही समजूत इतकी पक्की आहे, की मी आता दुरुस्त करायचं सोडलंय. बातमीचं टाचण स्वतः लिहून न्या, वर्गवारीसकट. मी नेलं नव्हतं.

सत्कार कुणाचाच ठेवला नाही. शाली-नारळांत पाऊण तास जातो हे मी श्रोता म्हणून बरीच वर्षं सोसलंय. चहा, शिरा, एक प्रकरण वाचून दाखवलं, आणि प्रश्न. खर्च ७,४०० रुपये. ९४ प्रती गेल्या, ३५० ची प्रत २८० ला.

मग पोस्ट. १९५४ चा एक कायदा आहे, त्याप्रमाणं प्रकाशकानं ३० दिवसांच्या आत एकेक प्रत स्वतःच्या खर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबईचं टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना पाठवायची असते. इथं प्रकाशक मीच. पुस्तकांसाठीची जुनी रजिस्टर्ड सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं. माझं पुस्तक वेष्टनासकट ३६५ ग्रॅम भरलं, म्हणजे दर वरचा. कागद ठरवायच्या वेळीच वजन काढलं असतं तर ६० जीएसएम घेतला असता का? नसता घेतला, मागचं पान दिसतं त्यात. पण पोस्टाच्या खर्चाचा अंदाज तरी चुकला नसता. हे पार्सल रस्त्या-रेल्वेनं जातं, वेळ लागतो. पावत्यांचे फोटो काढून ठेवा, डब्यात ठेवू नका.

राहिलं ते बाहेर जाऊन बोलणं. हे मला सगळ्यात जड गेलं. आमच्या भागात डिसेंबर ते फेब्रुवारी गावोगाव मराठी साहित्य संमेलनं होतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, पालखीत पुस्तकं, दुपारी आमटी-भात, संध्याकाळी कथाकथन. खेड्यातल्या बायका डोक्यावर कलश घेऊन दिंडीत चालतात आणि मग दिवसभर मांडवात बसून ऐकतात. दुसरीकडं कुठं असं असेल तर मला बघायचंय.

४ जानेवारीला आमच्या तालुक्यातल्या एका गावानं बोलावलं. विषय 'मराठीतील अद्भुताची परंपरा', वेळ १५ मिनिटं. मी पंधरा दिवस तयारी केली, आरशासमोर, घड्याळ लावून. प्रत्यक्षात माझ्या आधीच्या दोघांनी सीमाप्रश्नावर वेळ घेतला. त्याला मी तक्रार म्हणणार नाही. १९४६ ला बेळगावच्याच अखिल भारतीय संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून आमच्याकडं साहित्याचा मांडव आणि हा प्रश्न वेगळे करता येत नाहीत. पण सूत्रसंचालकांनी माझ्या कानात सांगितलं, "मॅडम, चार मिनिटांत आटपा, जेवण गार होतंय." परंपरा सोडली. हलशीच्या देवळात मधे उभं राहिल्यावर कुणाकडं पाठ करायची, तेवढंच सांगितलं. लोकांना ते देऊळ माहीत होतं, पुढच्या रांगेतल्या आज्जी म्हणाल्या, "खरं हाय." तुम्हाला बोलावलं तर चार मिनिटांचं, आठ मिनिटांचं आणि पंधरा मिनिटांचं, अशी तीन भाषणं तयार ठेवा.

नंतर स्टॉलवर बसले. हाही शिकायचा भाग आहे. बसून राहिलं तर कुणी येत नाही, उभं राहिलं की येतात. सुटे पैसे आणि क्यूआर कोडचा पुठ्ठा जवळ ठेवा. एका कन्नड शाळेच्या सरांनी पुस्तक उलटंपालटं करून विचारलं, "इदु यारु बरदारी?" मीच लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी नकाशा नीट बघितला, बोट ठेवून विचारलं, हे भीमगड ना? त्यांनी प्रत घेतली, मराठी सावकाश वाचता येतं म्हणाले.

आणि एक आठवीतला मुलगा. त्यानं आधीच वाचलं होतं, त्याच्या आत्यानं प्रकाशनाला घेतलेलं. म्हणाला, "मॅडम, पान १४३ वर त्या डोंगरात दर्या कुठनं आला?" मी तिथंच पान काढलं. ६४० मधला एक राहिला होता. 'पलीकडे धुक्यात दर्या पसरला होता.' मूळ वाक्य 'दऱ्या पसरल्या होत्या' असं असणार, कुणीतरी, बहुतेक मीच, शब्दाला जुळवून क्रियापद दुरुस्त केलं होतं. मी त्याला सांगितलं, छपाईची चूक आहे रे ती. त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं पुढच्या भागात येणार हाय तो."

हिशेब सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. कॉपीराइट ५००, प्रतिज्ञापत्र ३५०, डीटीपी ८,६४०, मुद्रितशोधन ४,३२०, कव्हर ६,०००, छपाई ५७,०००, टेम्पो १,८००, समारंभ ७,४००. एकूण ८६,०१०. पोस्ट आणि प्रवास वेगळा. पिग्मीचे ६१ हजार झाले होते, उरलेले दिवाळी बोनस आणि भावाकडून. राजस्थान राहिलं. समारंभातल्या ९४ आणि तीन संमेलनांत मिळून ७१ प्रती रोखीनं गेल्या. बेळगावातल्या एका दुकानात ४० ठेवल्या, ३५ टक्के कमिशन, त्यातल्या २२ चे पैसे आले. आतापर्यंत हातात आले ५१,२०५. पुण्याच्या वितरकाकडं १५० प्रती निम्म्या किमतीनं, त्यांचा हिशेब सहा महिन्यांनी येणार. ३८ भेट आणि परीक्षणासाठी गेल्या, परीक्षण एक आलं. १०७ पलंगाखाली आहेत. भेट प्रतींची यादी आधीच करा, नातेवाइकांना 'भेट' हा शब्दच ऐकू येतो.

आता दादा विचारतायत, ई-बुकसाठी फाइल तयार करतोय, पान १४३ चं वाक्य दुरुस्त करू का? शुक्रवारपर्यंत सांगते म्हटलंय. दुसरा भाग पहाटे चालू आहे, वटवाघळं उत्तरेकडं निघालीत. काल सासूबाईंनी चहा ठेवताना विचारलं, "मग, दर्या हाय का न्हाई तिकडं?"